घर बंद असल्यास शेजारचे घर घ्यावे

११ जानेवारी

आज रोजगार कार्यालयात बैठक होती. जिल्ह्यातल्या कामधंद्याच्या पाहणीसाठी कॉलेजकडून तज्ज्ञ सल्लागार म्हणून मी कित्येक वर्षं जातो. मानधन नावापुरतं, पण गडचिरोलीत चार माणसं ओळखतात ती त्यामुळेच. या वेळची प्रश्नावली मी बेतली आणि गणकांसाठीच्या सूचनाही मीच लिहिल्या. त्यातली एक मला विशेष जमली आहे : 'घर बंद असल्यास शेजारचे घर घ्यावे.' एका ओळीत गणकाची पायपीट वाचते आणि घरांची संख्याही भरते.

नवे सहायक आयुक्त मिथुन कन्नाके म्हणजे कालचं पोरगं. दाढी कोरलेली, बोलणं गोड. सूचना वाचून म्हणाले, "मस्त आहे सर. फक्त एक अडचण आहे. गावातल्या बाया आपल्या गणकाईशी बोलत नाईत. मॅडमले घेतलं त कसं?"

"कोणत्या मॅडम?"

"आपल्या उर्वशी मॅडम."

उर्वशी म्हणजे माझी बायको. माझ्याच कॉलेजात गृहअर्थशास्त्र शिकवते. मी अर्थशास्त्र शिकवतो. आधी 'गृह' लावलं की शास्त्राचं काय होतं यावर मी स्टाफरूममध्ये एक विनोद करतो, तो आजवर चालत आला आहे. कन्नाकेंना म्हणालो, विचारून पाहतो, पण तिला वेळ असेलसं वाटत नाही.

घरी आलो तर बाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "कन्नाके साहेबाचा फोन आल्ता. मी हो म्हतलं."

१९ जानेवारी

दोन सल्लागार एका घरात म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, असं मी गमतीनं म्हणालो. उर्वशी म्हणाली, "एक तलवार आहे, दुसरा विळा समजा." तिला उत्तरं सुचतात, हे मान्य केलं पाहिजे.

मी तिला नमुना निवड, संदर्भ आठवडा, सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ही पाहणी फेब्रुवारीतच काऊन ठेवली?" म्हटलं, मार्चपूर्वी निधी खर्च व्हायला हवा म्हणून. ती "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" मला सव्वीस वर्षांत आवडलेलं नाही.

६ फेब्रुवारी

चामोर्शी तालुक्यात गावपाहणीला दोघं गेलो. कार्यालयाच्या गाडीत कन्नाके पुढे बसले आणि वळून वळून सगळा वेळ मागे उर्वशीशी बोलत होते. विषय काय, तर मासोळी कशी सुकवतात. उर्वशीचं माहेर सिरोंचाचं, गोदावरीच्या काठचं. तेलुगू तिला मराठीइतकीच येते. तिची आई अजून स्वतः मासोळी सुकवते, हे कन्नाकेंना ऐकायचं होतं. मला बेरोजगारीच्या दराबद्दल एक प्रश्नही विचारला नाही.

गावात बरीच घरं बंद होती. गणक माझ्या सूचनेप्रमाणे शेजारची घरं घेत होते. काम भराभर चाललं होतं. उर्वशी मात्र एका बंद घरासमोर थांबून राहिली. दाराला बोरीची काटेरी फांदी आडवी लावलेली होती. ओट्यावर बसलेल्या सुकरी नावाच्या म्हातारीला तिनं विचारलं.

सुकरी म्हणाली, "काटी लावली म्हंजे आख्खं घर मिरचीले गेलं, बाई. तेलंगणात. घरी म्हातारं असलं त काटी नाई लावत. बकऱ्या हाकलाले कोणी त राह्यते ना."

"कधी येतील?"

"मिरची सरली की. मग मोह येचतीन, मग तेंदूपान. घरी बसाले टाइम कुठी आहे?"

उर्वशी उठून गल्लीभर हिंडली, दारांकडे बघत. मी गाडीत बसलो. ऊन फार होतं. कन्नाके तिच्या मागे हिंडले.

१७ फेब्रुवारी

कच्चे निष्कर्ष मांडले. मी समारोप असा केला : 'पाहणीत आढळलेल्या व्यक्तींमध्ये काम नसलेल्यांचे प्रमाण मोठे असून तरुण वर्गात श्रमाविषयी उदासीनता जाणवते.' वाक्य चांगलं बसलं होतं. शिफारसही तयार होती, तालुक्याला एक संगणक टंकलेखन केंद्र.

उर्वशीनं हात वर केला. बैठकीत बायकोनं हात वर केला की नवऱ्यानं काय करावं, हे कुठे शिकवत नाहीत. म्हणाली, "आपण घरी असलेल्याईलेच विचारलं. जे कामावर गेले त्याईच्या दाराले काटी. काटी दिसली की आपण शेजारी गेलो. म्हंजे काम करणारा माणूस आपल्या पाहणीतून निघून गेला, अन् खाटेवरचं म्हातारं दोनदा मोजलं गेलं. मग उदासीन दिसनच."

कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. हसले असते तर मीही हसून मोकळा झालो असतो. कन्नाके टेबलावर पेन आपटत म्हणाले, "मॅडम, मग कसं करायचं?" "मिरचीच्या वावरात जाऊन विचाराचं," ती म्हणाली. "नदीपलीकडं. मले तेलुगू येते."

परतताना गाडीत मी म्हणालो की हे घरी सांगता आलं असतं. ती म्हणाली, "सांगतलं होतं. तुम्ही पेपर वाचून राह्यले होते."

मला आठवत नाही.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. मार्कंड्याच्या जत्रेत रोजगार कार्यालयाचा मंडप होता, दोन्ही सल्लागारांना बसवलं होतं. मी माझ्यापुढे पत्रकं नीट लावून बसलो. उर्वशीकडे पत्रकं नव्हती, तरी तिच्यापुढे बायांची रांग. वैनगंगेत आंघोळ करून ओल्या लुगड्यानं बाया येत आणि तिच्याशी मेस्त्री, म्हणजे मजूर नेणारा मुकादम, कसा वागतो, शेतमालक पैसे देतो की मिरची देतो, पोरं कोणाजवळ ठेवली, असलं बोलत बसत. एक माणूस माझ्याकडे आला. मला वाटलं, चला. त्यानं विचारलं, "भाऊ, पाणी कुठी भेटते?"

कन्नाकेंनी उर्वशीसाठी उसाचा रस आणला. मलाही आणला, पण तिच्यानंतर.

इथे खरं लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. माझं पोट दुखतं. तिचा ग्लास आधी आला म्हणून दुखतं. घरी आल्यावर मी म्हटलं, तो कन्नाके तुझ्यामागे फार असतो. ती पाय धूत होती. म्हणाली, "तो कामामागं असते. काम माझ्याजवळ आहे." आणि हसली. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

४ मार्च

पेपरात तिचा फोटो. 'मिरची तोडणाऱ्यांच्या शोधात प्राध्यापिका.' बातमीत माझं नाव शेवटच्या ओळीत, तेही 'पती' म्हणून. नागपूरहून साक्षीचा फोन आला. आईचं कौतुक करकरून झाल्यावर कन्यारत्न विचारते, "बाबा, तुम्ही जळून तर नाही ना राह्यले?" आजकालच्या पोरींना जिभेला हाड नाही. म्हटलं, बाई गं, मला अभिमान वाटतो. आणि वाटतोच. अभिमान आणि ते दुसरं एकाच पोटात राहू शकतं, त्याला कोण काय करणार.

कॉलेजात आज तिघांनी मला 'मॅडमचे सर' म्हटलं. मी यांना पीएचडीचे विषय सुचवले आहेत.

१३ मार्च

उर्वशी आज नदीपलीकडे गेली. कार्यालयाच्या दोन महिला गणक आणि ती. सिरोंचाला आईकडे मुक्काम, तिथून पूल ओलांडून रोज तेलंगणातल्या वावरात, पुढे आतल्या गावांतही राहणार. मी तिला बसवर सोडलं. आलापल्लीच्या पुढचा रस्ता कसा आहे ते सांगितलं, जणू तिला माहीत नाही. ती म्हणाली, "वरण लावून ठेवलं आहे. दोन दिवस पुरन." बस सुटली तेव्हा ती खिडकीतून माझ्याकडे नाही, समोर बघत होती.

कन्नाके गेलेले नाहीत, याची मी कार्यालयात फोन करून खात्री करून घेतली. दुसरंच काही काम काढून विचारलं.

१९ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण त्यात माझं काही चुकलं नाही.

दुपारी कन्नाकेंचा फोन आला. नागपूरच्या विभागीय कार्यालयानं हंगामी मजुरांचा मोठा अभ्यास काढला आहे. चार जिल्हे, दोन वर्षं, मुख्य सल्लागाराला कॉलेजातून पूर्ण मोकळीक आणि बसायला नागपूरला खोली. हे पद यायचं होतं, ते मला गेल्या वर्षापासून माहीत होतं. आठ वर्षांचा अनुभव असलेला या भागात दुसरा माणूस नाही. मी खुर्चीत सरळ बसलो.

"सर, मॅडमचा फोन बंद आहे," ते म्हणाले. "नागपूरहून त्याईचंच नाव मागतलं आहे. आज संध्याकाळपर्यंत होकार पाह्यजे. तुमच्याशी बोलणं होते का?"

तिचं तीन दिवस माझ्याशी बोलणं नव्हतं. आतल्या गावांत रेंज नाही. मी म्हणालो, "साहेब, तिला जमायचं नाही. तिच्या आईची तब्येत ठीक नाही. सिरोंचाला सारखं जावं लागणार. नागपूरला दोन वर्षं तिला अशक्य आहे."

"अरे, मॅडम बोलल्या नाईत कधी."

"ती बोलत नाही. मनात ठेवते."

कन्नाके म्हणाले, "मग सर, तुमचं नाव देऊ? घरातलंच आहे, काम त माहीत आहे."

नाही म्हटलं असतं तर पद बाहेरच्या कोणाला गेलं असतं. निदान घरात राहिलं. सासूबाईंचं वय झालंच आहे, आज नाही तर उद्या काही होणारच. उर्वशीचे गुडघे दुखतात, नागपूरची धावपळ तिला झेपली नसती. मी तिचा विचार केला. तिचा विचार करायला दुसरं आहे कोण?

संध्याकाळी जेवण गेलं नाही. मी सकाळी लावलेलं वरण आंबलं होतं.

२८ मार्च

उर्वशी आली. काळवंडली आहे, हाताची कातडी मिरचीनं सोलली आहे. बायांबरोबर ओळीत बसून मिरची तोडत होती म्हणे. "नुसतं विचारत उभं राह्यलं त कोण बोलते? हात चालला पाह्यजे." जेवताना बोलत होती, थांबत नव्हती. काटी लावून गेलेल्या घरांतली माणसं तिला तिथे भेटली, सुकरीचा मुलगा, सून. सून दहावी शिकलेली, मेस्त्रीचा सगळा हिशेब तीच बघते. "अन् तुम्ही त्याईले उदासीन म्हणता," म्हणाली. पण रागानं नाही, हसून. तिला इतकी खूश मी साक्षी झाली तेव्हा पाहिली होती.

नागपूरचं सांगायला योग्य वेळ वाटली नाही.

१ एप्रिल

सांगितलं. म्हटलं, नागपूरला माझं नाव लागलं, तुझा फोन बंद होता, घाई होती. सासूबाईंचं बोललो नाही, गरज नव्हती.

तिच्या हातात कणीक होती. हात थांबले. म्हणाली, "माझं नाव नव्हतं का त्याच्यात?" मी म्हटलं, चर्चा होती, पण मोकळीक मिळणं वगैरे. ती "बरं" म्हणाली आणि कणीक मळत राहिली. इतकी घट्ट मळली की पोळ्या वातड झाल्या.

मला वाटतं तिनं समजून घेतलं.

३ एप्रिल

कार्यालयात दोघांना बोलावलं होतं. माझा सत्कार, शाल आणि रोप. कन्नाके उर्वशीजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आईची तब्येत कशी आहे आता?"

मी रोपाच्या कुंडीकडे बघत होतो.

उर्वशीनं एकदाच माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग कन्नाकेंना म्हणाली, "आजारीच आहे, साहेब. तशीच आहे."

"काय झालं त्याईले?"

"वयच आहे ना," ती म्हणाली. "माणसाजवळ माणूस पाह्यजे, बाकी काई नाई."

चहा झाला. ती कन्नाकेंशी त्यांच्या खोलीत काही वेळ बोलत बसली, मी बाहेर रोप धरून उभा. काय बोलणं झालं, विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. घरी येताना ती नेहमीसारखी होती. भाजी घेतली, माझ्यासाठी केळी घेतली. मी सुटलो. एवढी वर्षं संसार केला, बाहेर नवऱ्याची लाज राखणारी बायको आहे. मनातल्या मनात तिचे आभार मानले.

६ एप्रिल

उर्वशी बॅग भरत होती. मोठी, लग्नातली. मी म्हटलं, कुठे?

"सिरोंचाले. आई आजारी आहे ना?"

मी म्हणालो, "उर्वशी."

"तुम्हीच त सांगतलं साहेबाले. आता मी नाई गेले त लोक म्हणतीन, आई आजारी अन् पोरगी इथी मजेत." साड्यांची घडी करत होती, हातावरच्या सालपटांना कापड अडकत होतं. "रजेचा अर्ज देऊन आले. मंजूर झाला."

मी म्हटलं, चुकलो. खरंच म्हटलं. म्हटलं, मी उद्या कन्नाकेंना सगळं सांगतो, नाव परत घेतो. तिनं बॅगेची चेन लावली, ती नेहमी अडकते, मी वाकून ओढून दिली.

"नोका सांगू," म्हणाली. "साऱ्या जिल्ह्यात तुम्ही खोटे ठराल. अन् तुम्हाले ते सहन नाई होणार. मले माहीत आहे."

"मग परत कधी येशील?"

"आई बरी झाली की."

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. दर वर्षी दोघं पांढऱ्या कपड्यांत जातो, उर्वशी बायांच्या रांगेत वंदना म्हणते, आवाज तिचाच सगळ्यांत वर. आज मी एकटा. भेटेल तो विचारतो, "मॅडम कुठी?" मी सांगतो, आई आजारी आहे. "अरेरे," म्हणतात. "कोणत्या दवाखान्यात?" मी सांगतो, घरीच. इतक्या जणांना सांगितलं की मलाच सासूबाईंची काळजी वाटू लागली.

१८ एप्रिल

नागपूरला पहिली बैठक. खोली चांगली आहे, दारावर माझ्या नावाची पाटी. संचालक म्हणाले, "तुमचा तो दाराच्या काटीचा मुद्दा फार आवडला, खोब्रागडे सर. असं निरीक्षण गावात हिंडल्याशिवाय येत नाही." मी मान झुकवली. काय करणार होतो? मग त्यांनी विचारलं, "ती माणसं आज कुठे असतील? मिरची संपली का? मोहावर आली का?"

मला माहीत नव्हतं. म्हटलं, आकडेवारी मागवतो. संचालकांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. पण बिळात शिरल्यावर नागोबाला झोप येते की नाही, ते म्हणीत सांगितलेलं नाही.

२३ एप्रिल

कन्नाकेंचा फोन, स्वर आनंदाचा. "सर, तुमचे आभार मानाले केला. नागपूरनं आणखी एक पद मंजूर केलं, क्षेत्र सल्लागार. मुख्यालय सिरोंचा. मॅडम म्हणाल्या, आईजवळ राहून काम होत असन त करते. अन् खरं काम त तिथंच आहे, नदीजवळ. तुम्ही आईच्या तब्येतीचं सांगतलं नसतं त हे कोणाच्या डोक्यात आलं नसतं. दोन वर्षांचा आदेश निघाला. तुम्ही वर अहवाल लिहाल, त्या खालून माहिती पाठवतीन. घरातलंच झालं, नाई का?"

मी म्हणालो, हो, घरातलंच.

मला वाटलं होतं, कन्नाकेंचा राग येईल. त्यांचा आला नाही. हेवा वाटला तो तिचा. ती नदीकाठी, बायांच्या ओळीत बसलेली, आणि तिच्याशी सगळं जग बोलतं आहे. मी पंख्याखाली तिच्या माहितीची वाट बघत बसलेला. तिच्या जागेचा हेवा नाही, ती जागा तर माझ्याकडे आहे. तिचाच वाटला. आणि तिच्याजवळ बसून जे मिरची तोडतात त्यांचा.

२४ एप्रिल

सकाळी सिरोंचाला फोन केला. सासूबाईंनी उचलला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"अल्लुडू, बागुन्नारा?" जावई, बरे आहात ना, असं त्या तेलुगूत विचारतात, नेहमीच. मी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.

"मले काय झालं?" त्या मोठ्यानं हसल्या. "पहाटेपासून मासोळी वाळू घालून राह्यले. तुम्ही कसे आहा? आवाज बसल्यासारखा येते."

उर्वशीला द्या म्हटलं. ती पुलापलीकडे गेली होती, मिरचीच्या शेवटच्या वावरात. मी म्हटलं, आई, एखादा दिवस आराम करत जा, या वयात सांभाळलं पाहिजे. त्या म्हणाल्या, आराम केला की माणूस आजारी पडते.

घराला कुलूप लावून मी नागपूरची बस धरली. आता रोज सकाळी फोन करून सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी करायची, असं ठरवलं आहे. आज तरी ठणठणीत आहेत.